दहाव्या नोंदीतलं तळं

काकूंनी पहिल्या पुस्तकावर लिहिलेली टीप अशी होती : ‘पुस्तक फार छान आहे. माहिती भरपूर आहे. अक्षर मोठं असल्यामुळे डोळ्यांना त्रास होत नाही.’

मॅडमनी खाली लाल शाईत लिहिलं, ‘अक्षर मोठं असणं हा संशोधनात गुण धरत नाहीत.’

काकू साठीच्या. वर्गातल्या मुली त्यांना काकू म्हणत, तेव्हा आपणही काकूच म्हणू. एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने कपाटं आवरण्यात गेले, आणि आवरायला कपाट उरलं नाही तेव्हा त्यांनी जाऊन बी.ए.चा फॉर्म भरला. नवरा नकाशे काढणारा माणूस, जन्मभर सरळ रेषेत जगलेला. तो म्हणाला, “आता या वयात?” काकू म्हणाल्या, “मग काय पुढच्या वयात?” तो विषय तिथेच संपला.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता. विषय ज्याने त्याने निवडायचा. मात्र प्रकल्प लिहिण्याआधी एक सटीप संदर्भसूची द्यायची : आपल्या विषयावरची दहा पुस्तकं, लेख, अहवाल शोधायचे, लेखक-साल-प्रकाशक नीट मांडायचं आणि प्रत्येकाखाली जास्तीत जास्त दीडशे शब्दांची टीप लिहायची. त्यात काय म्हटलंय, म्हणणारा कोण, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, आणि आपल्या कामाला ते कसं लागू पडतं. मॅडम पस्तिशीच्या, बोलायला मऊ आणि तपासायला कडक. त्यांनी फळ्यावर एक नियम मोठ्या अक्षरात लिहिला होता : टिपेत ‘मी’ येता कामा नये.

काकूंनी विषय घेतला, ‘ट्रंक बोर्डावरच्या बायका’.

हा बोर्ड काय होता ते आताच्या मुलींना सांगावं लागतं. तेव्हा परगावी फोन आपला आपण लागत नसे. तो मागावा लागे. लांबलचक खोलीत भिंतीला उभा बोर्ड, त्यावर शेकडो भोकं, भोकांवर इवलेसे दिवे. समोर उंच खुर्च्यांवर बायका बसलेल्या, कानाला हेडसेट, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, गिऱ्हाइकाला काय हवं ते चिठ्ठीवर लिहायचं, मग परगावच्या केंद्रातल्या ऑपरेटरला गाठायचं आणि तिने तिकडचा नंबर जोडून द्यायचा. बोलणाऱ्याला वाटे, तारेतून आवाज जातो. तो जाई दोन बायकांच्या हातांतून.

लाइनवर स्वतःचं नाव सांगायला बंदी होती. खुर्चीचा नंबर सांगायचा. काकूंची खुर्ची सातवी. नदीपलीकडे, बसने चार तासांवर जे मोठं केंद्र होतं तिथे त्यांना बहुतेक वेळा भेटे ती चौदा नंबर.

“सात बोलतेय.”

“बोल सात. चौदाच आहे. आज आवाज का बसलाय?”

अशी ती ओळख. चौदा वयाने सात-आठ वर्षांनी मोठी, हे बोलण्यावरून कळत होतं. दुपारी दोन ते चार फोन कमी असत. लाइन चालू आहे ना हे तपासायच्या निमित्ताने दोघी बोलत. देखरेखीला एक बाई असत. त्यांची नजर माणसांपेक्षा भिंतीवरच्या घड्याळावर जास्त, म्हणून त्यांना सगळ्या घड्याळबाई म्हणत. त्या मागे फिरकल्या की सात नंबर एकदम कोरड्या आवाजात म्हणे, “लाइन स्वच्छ आहे का?” आणि पलीकडून चौदा तितक्याच कोरडेपणाने सांगे, “स्वच्छ आहे. अगदी घासूनपुसून.” सातला हसू दाबताना घाम फुटे.

चौदाचं केंद्र तळघरात होतं. खिडकी नाही, उजेड नाही, सकाळी आत जायचं आणि बाहेर आल्यावर कळायचं की दिवस गेला. एका दुपारी तिने सहज विचारलं, “तुझ्याकडे बाहेर काय दिसतंय गं?”

खरं तर सातच्या पाठीमागे कोरी भिंत होती. खिडकी तिच्याही नशिबात नव्हती. पण पलीकडच्या आवाजात असं काही होतं की ‘भिंत’ हा शब्द तिच्या तोंडून निघेना.

“तळं दिसतंय,” ती म्हणाली.

“तळं? चक्क?”

“लहानसंच आहे. बदकं आहेत चार.”

झालं. त्या दिवसापासून नऊ वर्षं सात नंबरने ते तळं सांभाळलं. काठावर बाक आला. बाकावर रोज छत्री घेऊन बसणारा म्हातारा आला. बदकांना पिल्लं झाली, त्यातलं एक लंगडं निघालं, तर चौदाने दोन दिवस त्याचा घोर लावून घेतला. सात बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि परत आली तेव्हा चौदाचा पहिला प्रश्न होता, “मुलगा की मुलगी?” आणि दुसरा, “लंगडं कसं आहे?”

मग यंत्र आलं. अमुक रविवारी दुपारी बारा वाजता बोर्ड बंद होणार, पुढे ज्याचे त्याने नंबर फिरवायचे. त्या रविवारी दोघींनी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली होती. आज नियम गेला उडत, नाव विचारायचं, पत्ता घ्यायचा, असं सातने ठरवलं होतं. पावणेबाराला ती म्हणाली, “चौदा, लिहून घ्यायला कागद घे.” तेवढ्यात पलीकडे दिवा लागला असावा. चौदा म्हणाली, “थांब हं, एवढा एक कॉल लावून येते.” आणि बोर्डावरचे सगळे दिवे एकदम गेले. उद्घाटनाचे पाहुणे लवकर आले होते, म्हणून बटण लवकर दाबलं होतं. सात नंबर हेडसेट तसाच कानावर ठेवून बसून राहिली. घड्याळबाईंनी येऊन तो हलक्या हाताने काढला आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. काकूंची बदली त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिलांच्या विभागात झाली. सुरुवातीला त्यांनी त्या केंद्रात दोनदा फोन केला. तिथल्या माणसाने विचारलं, “नाव काय त्यांचं?” काकूंना सांगता येईना. “चौदा नंबर,” त्या म्हणाल्या. “इथे आता नंबर नाहीत,” तो म्हणाला. पुढे मुलगी मोठी झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, दिवस गेले. पण बिलं तपासता तपासता मध्येच त्या थांबत, मान किंचित डावीकडे झुकत असे. शेजारच्या टेबलावरची बाई विचारी, “काय ऐकताय?” काकू म्हणत, “कुठे काय.”

तर अशा काकू सूची करायला बसल्या.

ग्रंथालयात त्यांनी तीन आठवडे काढले. ग्रंथपाल चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी, पण पुस्तकाच्या बाबतीत चिवट. त्यांनी काय काय काढून दिलं. एका निवृत्त अभियंत्याने लिहिलेला खात्याचा चारशे पानी इतिहास होता. त्यात बायकांबद्दल एक वाक्य होतं, ‘महिला कर्मचाऱ्यांनी तत्पर सेवा दिली.’ काकूंनी टिपेत लिहिलं, ‘चारशे पानांत एक ओळ. ओळ खरी आहे.’ मॅडमनी पहिल्यांदाच बरोबरची खूण केली. यंत्रांची माहितीपुस्तिका मिळाली, वार्षिक अहवाल मिळाले, कुणा विद्यार्थिनीचा प्रबंध मिळाला. बोर्ड बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र मिळालं. फोटोत पाहुणे रिसीव्हर धरून हसत होते आणि डावीकडे, चौकटीत अर्धवट कापलेलं, कुणाचं तरी कोपर दिसत होतं. काकूंनी भिंग मागून घेतलं. स्वेटरची वीण ओळखीची होती. त्यांनीच स्वतःसाठी विणलेली.

नऊ नोंदी झाल्या. दहावी काही केल्या सापडेना. शेवटी ग्रंथपालांनी मागच्या खोलीतून एक खोकं आणलं. कर्मचारी संघटनेची जुनी पत्रकं होती, कुणीतरी देणगी म्हणून देऊन गेलेली, अजून नोंदवहीत न चढलेली. “बघा, नाहीतर रद्दीच आहे,” ते म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वीचा एक अंक. पिवळट कागद, छपाई कुठे गडद कुठे फिकी. निवृत्त झालेल्यांनी आठवणी लिहाव्यात असं एक सदर होतं. लेखाचं नाव होतं ‘खुर्चीवरून उठताना’, आणि खाली सही होती : चौदा नंबर.

 काकूंनी आधी खुर्ची ओढली, मग चष्मा पुसला, मग वाचायला घेतलं.

लेख दोन पानांचा होता. तळघर होतं, दोऱ्या होत्या, तिकडच्या सुपरवायझर होत्या. दुसऱ्या पानावर हे होतं :

‘पलीकडे सात नंबर असायची. तिच्या खिडकीतून तळं दिसायचं. माझी नऊ वर्षं त्या तळ्याच्या काठी गेली म्हणा ना. शेवटच्या दिवशी मी तिला थांब म्हटलं आणि लाइन गेली. म्हटलेलं मनाला लागून राहिलं. निवृत्त झाल्यावर मार्चच्या पहिल्या सोमवारी बसमध्ये बसले आणि तिच्या गावाला गेले. इमारत सापडली. चारी बाजूंनी फिरले. खालच्या मजल्याला खिडकीच नाही. दारावरच्या रखवालदाराला विचारलं, इथे तळं कुठे आहे? तो म्हणाला, पाण्याची टाकी गच्चीवर आहे. मी म्हटलं, सात नंबर कुठे भेटेल? तो म्हणाला, आतली बिल भरायची सात नंबरची खिडकी बंद आहे, जेवणाची सुट्टी. मग मी पायरीवर बसले आणि इतकी हसले की त्याने मला पाणी आणून दिलं. खिडकी नसलेल्या बाईने मला खिडकी दिली होती. संध्याकाळच्या बसने परत आले. ती कुठे असेल कोण जाणे.’

काकूंनी लेख पुन्हा वाचला. अकरा वर्षांपूर्वीचा मार्च. पहिला सोमवार म्हणजे बिलं निघायचा दिवस, त्या दिवशी तर कुणी पाणी प्यायलाही उठत नसे. त्या वरच होत्या. दोन जिने. चोवीस पायऱ्या, त्या रोज मोजत चढायच्या. बाई खाली पायरीवर बसून हसत होती आणि त्या वर बसून दुसऱ्यांच्या कॉलांची मिनिटं जुळवत होत्या.

ग्रंथपालांनी विचारलं, “काही उपयोगाचं निघालं का?”

“निघालं,” काकू म्हणाल्या. “झेरॉक्स काढून द्याल? दोन द्या.”

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्यालाही तो लेख वाचायला दिला नाही. टेबलाशी बसून टीप लिहायला घेतली. आठ दिवस लिहीत होत्या. लेखिका कोण, ठाऊक. म्हणते काय, ठाऊक. पण विश्वास कितपत ठेवायचा, इथे त्यांचं पेन अडे. ‘मी’ लिहायचं नाही, आणि ‘मी’ शिवाय गाडी पुढे सरकेना. शेवटी दिली ती टीप अशी :

‘निवृत्त ऑपरेटरने लिहिलेला आठवणीपर लेख. तळघरातील कामाचं वर्णन अचूक आहे आणि अन्य साधनांशी जुळतं. सातव्या खुर्चीवरील ऑपरेटरच्या खिडकीतून तळं दिसत असे, हा उल्लेख मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. तो दोष लेखिकेचा नाही. ही माहिती तिला पलीकडून पुरवण्यात आली होती. पुरवणारी ऑपरेटर लेखिकेच्या भेटीच्या दिवशी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कामावर हजर होती. तिला खाली कुणी बोलावलं नाही. प्रस्तुत सूची तिनेच केली आहे. बाकी लेख पूर्ण विश्वसनीय.’

मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. सूची समोर उघडी होती. लाल पेन बंद होतं.

“काकू, हे...” मॅडम पहिल्यांदाच त्यांना काकू म्हणाल्या. “हे खरं आहे?”

“‘मी’ आला नाही ना कुठे?” काकूंनी विचारलं.

“नाही आला.” मॅडमनी खिडकीकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे. “तुम्ही यांना शोधलंत का?”

“सूचीत तसं विचारलेलं नाही.”

“मी विचारतेय.”

 काकू म्हणाल्या, “शोधायला भीती वाटते हो. अकरा वर्षं झाली त्या लेखाला. आता शोधलं आणि कळलं, की... त्यापेक्षा ती तिकडे आहे असं धरून चाललेलं बरं. एकोणतीस वर्षं तसंच धरून चाललेय.”

“दहापैकी नऊ साधनांबद्दल तुम्ही सगळं तपासलंत,” मॅडम म्हणाल्या. “ही एकच जिवंत असू शकते. तीच तपासायची राहिलीय.”

त्या दिवशी काकू घरी न जाता तडक निवृत्तांच्या संघटनेच्या कार्यालयात गेल्या. दोन खोल्या, एक पंखा, आणि पत्ते खेळणारे चार माजी लाइनमन. तळघरातल्या केंद्रातली चौदावी खुर्ची म्हणताच त्यांतल्या एकाने पत्ते खाली ठेवले. “त्या होय! त्यांच्या हाताखाली माझी बहीण शिकली.” पत्ता मिळाला. नावही मिळालं. काकूंनी ते पाकिटावर लिहिलं; ते लिहिताना परक्या बाईला पत्र पाठवतोय असं त्यांना वाटलं. आत मात्र सुरुवात केली : ‘चौदा, सात बोलतेय.’

अकरा दिवस जीव टांगणीला लागला होता. नवरा रोज पोस्टाची पेटी उघडून बघे आणि काही न बोलता मान हलवी. बाराव्या दिवशी तो कधी नव्हे ते जिना धावत चढला.

कार्डावर मोठ्या, थरथरत्या अक्षरात तीन ओळी होत्या. ‘सात, फोन करू नकोस. कान गेले. ये.’

काकू पुढच्याच शनिवारी सकाळच्या बसने गेल्या. नवरा म्हणाला, “मी येऊ का सोबत?” त्या म्हणाल्या, “नको. नऊ वर्षं दोघीच होतो.”

चार तास त्या खिडकीशी बसून होत्या, पण बाहेर काय गेलं ते त्यांना सांगता यायचं नाही. मनात एकच चाललं होतं. बाई दिसायला कशी असेल याची त्यांना कधीच ओढ नव्हती. त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. थोडा खर्जातला, वाक्याच्या शेवटी किंचित हसरा होणारा. कान गेलेत तर काय झालं, आवाज तर असेल. आपण बोललेलं तिला कळणार नाही, पण ती बोलेल आणि आपण ऐकू.

दार तिच्या भाचीने उघडलं. आत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एक किरकोळ अंगाची सत्तरीची बाई उभी होती. पांढरे केस बारीक कापलेले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओळखीचं काहीच नव्हतं. बाजारात समोरून आल्या असत्या तर एकमेकींना वाट देऊन पुढे गेल्या असत्या.

मग चौदा बोलली. “आलीस!”

आवाज मोठा होता, सपाट होता, जरा फाटलेला. स्वतःचा आवाज बरीच वर्षं न ऐकलेल्या माणसाचा असतो तसा. काकूंनी ऐकलं आणि त्यांना कळलं की ज्याच्यासाठी आपण आलो ते इथे नाही. ते कुठेच नाही. त्या हसल्या, पुढे झाल्या, तिचे दोन्ही हात धरले, आणि हात धरल्यावर मग रडल्या. चौदाला वाटलं, आनंदाने. तेही होतंच.

भाचीने चहा आणला आणि एक रेघी वही आणून मध्ये ठेवली. काकू लिहीत, चौदा वाचून मोठ्याने बोले. मुलगी काय करते, नवरा कसा आहे, घड्याळबाई आहेत का. चौदाने लग्न केलं नव्हतं. कान सहा वर्षांपूर्वी जायला लागले. डॉक्टर म्हणाले, हेडसेटचा परिणाम असेल, वयाचाही असेल. “कुणी नीट टीप दिलीच नाही,” असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली, कारण काकूंनी पत्रात सूचीची सगळी हकिगत लिहिली होती.

काकूंनी वहीत लिहिलं, ‘तळ्याबद्दल रागावली नाहीस ना?’

“रागावेन कशाला? लेखात लिहिलंय की.” मग जरा थांबून, “लंगड्याचं मात्र खरं सांगायला हवं होतंस. मी फार काळजी केली त्याची.”

दोघी खूप हसल्या. भाची दारातून बघत राहिली.

निघायची वेळ झाली तेव्हा चौदाने काकूंच्या हातातून पेन घेतलं. बोलता येत असूनही, तेवढं मात्र तिने लिहून विचारलं. ‘माझा आवाज कसा होता गं? मला आठवत नाही. आणखी कुणाला विचारू? तुझ्याइतका कुणीच ऐकलेला नाही.’

काकूंनी पेन घेतलं. ‘तुझा आवाज’ एवढं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं. बसची वेळ होत होती. शेवटी लिहिलं, ‘घरी जाऊन लिहिते. पोस्टाने पाठवते.’

सूचीला मॅडमनी चांगले गुण दिले. दहाव्या टिपेखाली त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती तारीख घातली होती. काकूंचा प्रकल्प आता चालू आहे आणि बराच मागे पडला आहे, कारण दर बुधवारी दुपारी त्या दुसरंच काही लिहायला बसतात. सगळा आवाज एका कागदावर मावत नाही हे त्यांना दोन-तीन आठवड्यांतच कळलं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट, एका कार्डावर. ‘तू आकडे सांगताना सहा नेहमी हळू म्हणायचीस, जणू तो झोपलाय.’ ‘सर्दी झाली की तुझा “बोल” मला “बोळ” ऐकू यायचा.’ ‘कुणाला वाईट बातमी द्यायची असली की तू आधी एक श्वास घ्यायचीस, तो मला इकडे ऐकू यायचा.’

परवा नवऱ्याने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अगं, चहा टाकू का?” काकूंनी उत्तर दिलं नाही. टेबलावर कोरं कार्ड होतं, पेन उघडं होतं, मान डावीकडे झुकलेली होती. तो दारापर्यंत आला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि भांड्याचा आवाज न करता चहा टाकायला आत गेला.